घरच्या कुल्फीत बर्फाचे खडे होतात? दुधाला दोष देण्याआधी फ्रीझर तपासा

मे महिना लागला की वन्संची दोन्ही मुलं पुण्याहून आमच्याकडं सांगलीला येतात. आमचा एक, जाऊबाईंचे दोन, म्हणजे घरात पाच पोरं. दुपारी बारा ते पाच बाहेर पाऊल टाकायची सोय नसते. पारा चाळिशीला टेकलेला, पंखा नुसता गरम वारा ढवळत असतो, आणि दर अर्ध्या तासानं कुणीतरी येतंच, "मामी, गार काहीतरी दे की." गल्लीत गारीगारवाल्याची घंटी वाजली की पाचही जण फाटकाला लोंबकळतात. त्यातला बर्फ कुठला, पाणी कुठलं, या धास्तीनं मी घरी कुल्फी करायला घेतली आणि सलग चार उन्हाळे फसले.

फसले म्हणजे टाकून द्यावी लागली असं नव्हे, पोरांनी साचेसुद्धा चाटून ठेवले. पण दाताखाली कर्रकन बर्फ यायचा. थोरल्या भाच्यानं पहिल्याच वर्षी निकाल दिला, "मामी, चव कुल्फीची आहे, पण चावताना गारीगार लागतं."

मग उपाय सुरू झाले. दुसऱ्या वर्षी शेजारच्या काकूंच्या सांगण्यावरून कॉर्नफ्लॉवर घातलं. तिसऱ्या वर्षी मिल्क पावडर ओतली, चांगली वाटीभर. चौथ्या वर्षी कंडेन्स्ड मिल्कचा अख्खा डबा घातला आणि वर नेहमीची साखरही घातली, तर ती कुल्फी गोठलीच नाही. रात्रभर ठेवूनही काडी आडवीच. दर वर्षी दोष वेगळा होता आणि मी मात्र सगळ्यांना "नीट झाली नाही" असं एकच नाव देत होते. औषध चुकत गेलं ते त्यामुळं.

खडा कसला आहे ते जिभेला विचारा

कुल्फीचा छोटा तुकडा जिभेवर ठेवा आणि चावू नका. दहा-पंधरा सेकंद थांबा.

खडा जिभेवर विरघळून पाणी झाला, तर तो बर्फ. बहुतेकांची तक्रार हीच असते आणि हा लेखही मुख्यतः तिच्याबद्दल आहे.

कुल्फी विरघळली पण मागं बारीक वाळूसारखं काही उरलं आणि ते जरा उशिरानं विरलं, तर ती दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज. दूध फार आटवलं किंवा मिल्क पावडर जास्त पडली की हे होतं, आणि कुल्फी फ्रीझरमध्ये आठ-दहा दिवस पडून राहिली तर आणखी वाढतं. माझ्या तिसऱ्या वर्षाचा घोटाळा हाच. बर्फ घालवायला म्हणून पावडर वाढवली, आणि बर्फाच्या जोडीला वाळूही आली.

टाळूला मेणासारखं चिकटलं, तर ते लोणी. वरची घट्ट साय मिक्सरमध्ये फार वेळ फिरवली की लोण्याचे कण सुटतात. साय घालायचीच असेल तर नुसती रवीनं मोडून घाला. आणि पीठ-पीठ लागलं, तर कॉर्नफ्लॉवर कच्चं राहिलंय. ते गार दुधात कालवून उकळत्या दुधात घालायचं आणि पुढं दोन-तीन मिनिटं चांगलं रटरटू द्यायचं. अर्धा लिटर आटीव दुधाला एक सपाट चहाचा चमचा पुरे. काकूंनी मला "दोन मोठे चमचे" सांगितले होते. ती कुल्फी नव्हती, काडीला लावलेली गार खीर होती.

बर्फच असेल तर

पाणी गोठताना फक्त स्वतःपुरतं गोठतं. साखर, साय, केशर, वेलची, सगळ्यांना ते बाजूला सारतं आणि आपला शुद्ध स्फटिक बांधत जातं. थंडी झटपट मिळाली की एकाच वेळी असंख्य बारीक स्फटिक तयार होतात, इतके बारीक की जिभेला कळतच नाहीत. थंडी रमतगमत आली की थोडेच स्फटिक सुरू होतात आणि तेच निवांत मोठे होत बसतात. दाताखाली येतात ते हे. म्हणजे प्रश्न दोनच: मिश्रणात मोकळं पाणी किती आहे, आणि ते गोठायला किती वेळ लागतोय.

आइस्क्रीमच्या कारखान्यात मिश्रण गोठताना सतत घुसळतात, त्यात हवाही भरतात, म्हणून ते हलकं आणि मऊ होतं. कुल्फी घुसळत नाहीत. तिच्यात हवा नाही, म्हणून ती घट्ट आणि जड. हीच तिची गंमत, पण त्यामुळंच तिला पाण्याची आणि वेळेची चूक सहन होत नाही.

पहिला प्रश्न दुधाचा. म्हशीच्या दुधात साधारण ६ ते ७ टक्के स्निग्धांश असतो, गाईच्या दुधात साडेतीन-चार. कुल्फीला म्हशीचंच दूध घ्या. ते निम्म्यावर आलं पाहिजे. इथं सगळेजण घड्याळ बघून चुकतात. "मी तासभर आटवलं" याला काही अर्थ नाही. पसरट कढईत तासाभरात निम्म्याच्या खाली जातं, उभ्या पातेल्यात बारीक आचेवर तासाभरात पाऊणसुद्धा होत नाही. शिवाय उन्हाळ्यात दूध नासू नये म्हणून त्यात बर्फ टाकणारे लोक असतात. आमच्या एका जुन्या दूधवाल्याच्या किटलीत मी स्वतः बर्फाचा तुकडा तरंगताना पाहिलाय. तसं दूध तासभर आटवून जेमतेम मूळ दुधाइतकं दाट होणार.

म्हणून आता मी एक करते. लाकडी उलथन्याचा दांडा दूध ओतल्या ओतल्या पातेल्यात उभा बुडवायचा, ओल्या खुणेवर पेन्सिलीची रेघ मारायची आणि तळापासून बरोबर मध्यावर रबरबँड चढवायचा. दूध रबरबँडपर्यंत उतरलं की गॅस बंद. ही युक्ती आमच्याच पोराची, गणिताच्या पेपरात नापास झालेल्या.

लिटरभर दुधाचं अर्धा लिटर झालं की त्यात ८० ते ९० ग्रॅम साखर. गरम मिश्रण चाखून बरोबर गोड लागलं, तर गोठल्यावर फिकं लागणार. थंडीत जिभेला गोडी कमी कळते. चाखताना "किंचित जास्तच झालं" असं वाटायला हवं. तिसऱ्या हिश्श्यापर्यंत आटवायचा मोह टाळा, त्याची ती वर सांगितलेली वाळू होते.

एवढं सगळं सुधारूनही पाचव्या वर्षी पहिल्या खेपेला खडे आलेच. थोडे कमी, पण आलेच. मग मात्र मी दुधाचा नाद सोडला.

फ्रीझरचा ताप मोजला तेव्हा

फ्रिजमध्ये ठेवायचा छोटा थर्मामीटर मिळतो. तो आणला आणि दुपारी तीन वाजता फ्रीझरमध्ये ठेवून तासाभरानं पाहिला. उणे ७. घरगुती फ्रीझर उणे १८ च्या आसपास असायला हवा. उणे ७ ला पाण्याचा बर्फ व्यवस्थित होतो, म्हणून आपल्याला वाटतं फ्रीझर ठणठणीत आहे. साखर घातलेलं दूध मात्र शून्याच्या बरंच खाली जाऊन हळूहळू घट्ट होत जातं. त्या तापमानाला माझी कुल्फी दहा-दहा तास नुसती रेंगाळत होती, आणि तेवढ्या वेळात स्फटिकांनी निवांत संसार थाटला होता.

कारणं शोधली तर एक नव्हतं, चार निघाली. आमचा फ्रिज एकदारी, जुन्या पद्धतीचा. फ्रीझरच्या भिंतीवर बोटभर जाड बर्फ साठलेला. लोकांना वाटतं जितका बर्फ तितकी थंडी. उलट आहे, तो बर्फ गोधडीसारखा मध्ये बसतो आणि थंडी आतल्या वस्तूपर्यंत पोचू देत नाही. फ्रिज भिंतीला चिकटून, मागच्या जाळीला वाराच नाही. दाराचं रबर एका कोपऱ्यात सैल. हे तपासायला दहाची नोट दारात अडकवून दार लावायचं आणि ओढायची. सहज निघून आली तर तिथून थंडी गळतेय. आणि चौथं कारण पाच तोंडांचं: "झाली का? झाली का?" करत दार उघडून बघणारी पलटण.

बर्फ काढताना एक सांगते. बटण दाबून किंवा फ्रिज बंद ठेवून तो आपोआप विरघळू द्या, टॉवेल अंथरा, चार तास लागले तर लागू देत. आमच्याकडं यांनी एकदा घाईत उलथन्याच्या टोकानं बर्फ खरवडला. फुस्स असा बारीक आवाज आला आणि सगळा गॅस गेला. फ्रीझरच्या पत्र्यातच त्या नळ्या असतात. दुरुस्तीवाल्यानं बिल हातात ठेवलं तेव्हा तेवढ्या पैशात पोरांना महिनाभर विकतची कुल्फी आली असती.

फ्रिज भिंतीपासून वीतभर पुढं ओढला, रबर बदललं, बर्फ काढला, बटण उन्हाळ्याच्या आकड्यावर आणलं. रात्री उणे १६ दिसला. दुपारी तो तिथवर जात नाही. स्वयंपाकघर तापलेलं असतं, विजेचा दाबही कधी कधी कमी असतो. त्यामुळं आता कुल्फी फक्त रात्री लावायची, सगळे झोपल्यावर.

आईंची खारट बादली

मधल्या काळात, फ्रिज दुरुस्तीला गेलेला असताना, सासूबाई म्हणाल्या, "त्या पेटीच्या आधी काय माणसं कुल्फी खात नव्हती होय?" माळ्यावरून त्यांनी ॲल्युमिनियमचे शंकूसारखे जुने साचे काढले, बारा होते, त्यातल्या दोघांची झाकणं गायब. बर्फाच्या कारखान्यातून यांनी लादीचा तुकडा गोणपाटात गुंडाळून आणला. आईंनी तो गोणपाटातच मुसळानं फोडला. बादलीत तळाला बर्फाचा थर, त्यावर मूठभर जाडं मीठ, पुन्हा बर्फ, पुन्हा मीठ. अंदाजानं तीन भाग बर्फाला एक भाग मीठ. साच्यात मिश्रण काठापासून बोटभर खाली भरलं, झाकण लावलं आणि झाकणाच्या फटीवर कणकेची वळी फिरवून दाबली, म्हणजे खारं पाणी आत शिरत नाही. मग साचे बादलीत उभे रोवले आणि वर गोणपाट. दर पाच-सात मिनिटांनी आई बादलीचं कडं धरून ती डावी-उजवी फिरवायच्या.

तासाभरानं पहिला साचा उघडला. सुरीनं कापली तर पेढ्यासारखी कापली गेली. खडा नाही. तेच दूध, तीच साखर, तीच मी. थोरला भाचा काही बोलला नाही, दुसरी मागायला हात पुढं केला.

नुसता बर्फ शून्याच्या खाली नेत नाही. मीठ पडलं की बर्फ वितळायला लागतो, आणि वितळायला लागणारी उष्णता तो आजूबाजूला जे असेल त्यातून ओढतो. प्रमाण नेमकं जमलं तर मीठ-बर्फ उणे २१ अंशांपर्यंत उतरतो. त्यात ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा, आणि चारी बाजूंनी चिकटलेलं खारं पाणी. फ्रीझरमधली थंडी हवेतून येते, आणि हवा थंडी पोचवण्यात फार आळशी. म्हणून बादलीला तास लागतो, फ्रीझरला रात्र.

पोरांना हे बघायला भारी आवडतं, पण त्या बादलीत हात घालू देऊ नका. मीठ-बर्फ कातडीला धरून ठेवला की भाजल्यासारखी जखम होते. आणि बाहेरून आणलेला बर्फ सरबतात टाकू नका. खाण्याचा नसलेला बर्फ निळसर रंगाचा करून विकायचा नियम महाराष्ट्रात २०१८ पासून आहे. तो बादलीत चालेल, पेल्यात नाही. उरलेलं खारं पाणी मोरीत ओता. मी ते "थंड पाणी आहे, झाडांना घालू" म्हणून मोगऱ्याच्या कुंडीत ओतलं होतं. मोगरा गेला.

रोज कोण बादली फिरवणार? म्हणून तिच्यातलं जेवढं फ्रीझरमध्ये आणता येईल तेवढं आणायचं. मिश्रण आधी खालच्या कप्प्यात चार-पाच तास गार करायचं. कोमट मिश्रण वर ठेवलं की फ्रीझर स्वतःच तापतो. साचे धातूचे, लहान, आणि रिकामेच तासभर फ्रीझरमध्ये गार केलेले. ॲल्युमिनियमचे नसतील तर स्टीलची छोटी फुलपात्री घ्या, प्लॅस्टिकपेक्षा कितीतरी बरी. ती फ्रीझरच्या पत्र्याला थेट टेकलेली हवीत, मटाराच्या पिशवीवर नव्हेत. एका वेळी आठ-दहाच. तोंडावर फॉइल घट्ट, नाहीतर वरून भुरभुर बर्फ धरतो. एवढं केल्यावर आमच्या फ्रीझरमध्ये चार-पाच तासांत कुल्फी तयार होते आणि ती बादलीच्या कुल्फीच्या जवळपास जाते. बरोबरीला नाही, हे आई आठवण करून देतातच.

गोठतच नसेल तर

कारण बहुधा साखर. कंडेन्स्ड मिल्कमध्ये वजनाच्या चाळीस-पंचेचाळीस टक्के साखरच असते. ४०० ग्रॅमच्या डब्यात १६०-१८० ग्रॅम. लिटरभर दुधाला ती एकटीच पुरते, वर चमचाभरही नको. गुळाची कुल्फीही मऊच राहते, कारण गुळातल्या साखरेचा काही भाग फुटलेला असतो आणि तो गोठणं जास्तच मागं खेचतो. गूळ साखरेपेक्षा कमी घाला आणि दूध पूर्ण गार झाल्यावरच घाला, गरम दुधात घातला तर दूध फाटतं. आंब्याच्या रसाचंही तसंच, दूध आणि रस दोन्ही गार हवेत. डब्यातला रस वापरत असाल तर त्यात आधीच साखर असते, ती हिशेबात धरा.

फळांच्या कांड्या दगड का होतात

दुधाचं एकदाचं जमलं तर धाकट्या भाचीला दूधच आवडत नाही. तिला लाल कांडी हवी. कलिंगडाचा रस काढला, साच्यात भरला, सकाळी हातोडीनं फोडावी लागेल अशी कांडी. तिनं नेटानं चोखली आणि दहा मिनिटांनी माझ्यापुढं धरली, "मामी, रंग संपला." खरंच, काडीला पांढरा बर्फ तेवढा उरला होता.

त्याच फ्रीझरमध्ये मार्च महिन्यात ठेवलेली तासगावकडची द्राक्षं होती. ती बाहेर काढली तर दाताखाली मऊ, सरबत गोठवल्यासारखी. एकाच कप्प्यात एक दगड आणि एक लोणी. फरक साखरेचा. पिकलेल्या द्राक्षात १८-२० टक्के साखर असते, कलिंगडात आठाच्या आसपास. साखर जितकी कमी तितकं पाणी मोकळं आणि कांडी टणक. रंग संपतो त्याचंही कारण तेच जुनं: सावकाश गोठताना पाणी वेगळं झालं, रंग आणि गोडी स्फटिकांच्या फटीत पातळ पाकासारखी राहिली, चोखल्यावर ती आधी निघून आली.

म्हणून फळाच्या कांडीत एकूण साखर अठरा टक्क्यांच्या आसपास आणायची. कलिंगडाच्या एक लिटर रसाला सुमारे १२० ग्रॅम साखर लागते. ऐकायला जास्त वाटते, पण त्या रसाच्या पंधरा कांड्या होतात. लिंबू पिळा, चिमूटभर मीठ घाला. रस गाळू नका, गर राहू द्या; गर स्फटिकांना अडवतो. भिजवलेला सब्जा घातला तर तोही थोडंफार पाणी धरून ठेवतो, आणि पोरांना ते काळे ठिपके बघायला आवडतात. पंचवीस-तीस टक्क्यांच्या वर मात्र साखर नेऊ नका, मग पुन्हा गोठणार नाही.

आपल्या भागात साखर न घालता जमणारी कांडी म्हणजे उसाच्या रसाची. उसाच्या रसात मुळातच सोळा ते वीस टक्के गोडी असते, म्हणजे निसर्गानं प्रमाण लावूनच दिलंय. रसवंतीवर डबा घेऊन जा, बिनबर्फाचा रस मागा, आलं-लिंबू चरकातच घालायला सांगा. घरी आल्या आल्या साच्यात भरून फ्रीझरमध्ये, गप्पा मारत बसायचं नाही. उसाचा रस हवेनं काळा पडायला लागतो, लिंबू त्याला थोडं थोपवतं एवढंच. हिरवट-पिवळी कांडी होते. साखर कारखान्यांच्या गावात ऊस असा खायचा हे आमच्या पुणेकर भाचरांना फार अपूर्वाईचं वाटतं.

गोठवलेली द्राक्षं पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खी देऊ नका, घशात अडकतात. उभी चिरून द्या.

वीज गेली तर

देखभालीसाठी म्हणून दिवसभर वीज जाते तो दिवस उन्हाळ्यात हमखास येतो. कुल्फी अर्धी वितळते, संध्याकाळी पुन्हा गोठते, आणि ज्या खड्यांशी आपण एवढं भांडलो ते परत हजर, पहिल्यापेक्षा मोठे. तुम्ही घरी नसाल तर कळणारही नाही की मध्ये काय झालं. त्यासाठी एका वाटीत पाणी गोठवून त्यावर एक रुपया ठेवून द्या. रुपया वरच असेल तर सगळं ठीक. बर्फात रुतून तळाला गेला असेल तर कुल्फीही वितळून पुन्हा गोठलेली आहे. ती मुलांना देऊ नका, दूध आहे ते.

वीज जाताना घरीच असाल तर फ्रीझर उघडू नका. अगदीच वितळायला लागली आणि अजून चांगली गार असेल, तर पेल्यात काढून तिथल्या तिथं पिऊन टाकायची. आमच्याकडं त्या दिवशी कुणाला बोलवावं लागत नाही.

साच्यातून निघत नाही

गरम पाण्यात बुडवू नका, बाहेरून वितळते आणि मग हातात घसरते. नळाच्या साध्या पाण्यात दहा-पंधरा सेकंद पुरतात. काडी सुरुवातीला रोवली तर तिरकी होते. तासा-दीड तासानं, मिश्रण गरगट झालं की रोवा. आणि बाहेर काढल्या काढल्या मुलाच्या हातात देऊ नका. कोरड्या, कडक गार कांडीला जीभ चिकटते. चिकटलीच तर ओढायची नाही, वर थोडं साधं पाणी सोडायचं, आपोआप सुटते.

आई पाणीही वापरत नाहीत. साचा दोन्ही तळव्यांत धरतात, ताक घुसळताना रवी फिरवतात तसा भराभर फिरवतात आणि झाकण काढून ताटलीवर उपडा करून एक टिचकी मारतात. तोवर पाच ताटल्या रांगेत लागलेल्या असतात, सहावी यांची.